फताडीचं ओलं पोट

आमच्या थोरल्या जाऊबाईंना ओल खपत नाही. थट्टा नाही, खरंच खपत नाही. आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मध्ये धुण्याची यंत्रं, मागे इस्त्रीची टेबलं आणि अगदी शेवटी वाळवणीची खोली. तिथे भिंतीला लागून बॉयलरचे पाइप गेलेत, वर दोऱ्या, दोन पंखे, आणि दार उघडलं की भस्सकन तोंडावर गरम हवा. ती खोली म्हणजे जाऊबाईंचं राज्य. मी धाकटी, मी काउंटरवर. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या, आणि आतून जाऊबाईंची हाक आली की "आले हो" म्हणून पळायचं. चौदा वर्षं तेच करतेय.

कपडा वाळला की नाही हे त्या हाताने बघत नाहीत, गालाला लावून बघतात. पलंगपोस असो की शर्टाची कॉलर. डोळे मिटून क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "अजून आहे." की परत दोरीवर. मला ती ओल जन्मात कधी सापडली नाही. एकदा परीक्षा म्हणून तोच सदरा मी दोनदा नेला, तर दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "हा मघाशीच बघितलाय. मला वेड्यात काढतेस काय?" अशी बाई. नाकावर माशी बसू देणार नाही.

त्याला कारणही आहे. लग्न होऊन आल्या त्याच महिन्यात त्यांनी एका दवाखान्याच्या चादरींचा गठ्ठा घाईघाईने बांधला. आतल्या चार चादरी दमट राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. काळे ठिपके आणि कुबट वास. सासऱ्यांनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, तो गठ्ठा त्यांच्या पायाशी आणून ठेवला. जाऊबाईंनी मला हे एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून, दोरीवर टॉवेल घालता घालता. पुढे मी विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही.

आता मोठे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे थोरले दीर. हा माणूस बोलघेवडा होता. इस्त्री फिरवता फिरवता गोष्टी सांगायचा. लहानपण मामाकडे तळ्याकाठी गेलेलं. मामाची शंभरभर बदकं ह्यांनी हाकलेली, त्यामुळे निम्म्या गोष्टी बदकांच्या. आम्ही कान बंद करायचो. कोण ऐकणार हो रोज बदकांच्या गोष्टी? दोन वर्षांपूर्वी कुणा गिऱ्हाइकाकडून ते एक पिल्लू खोक्यात घालून घेऊन आले. मागच्या अंगणात पाण्याची टाकी आहे, तिथे वाढवलं. चालताना पाय असे फताफता टाकायचं की माझ्या तोंडून निघालं, "काय फताडी आहे मेली." तेच नाव पडलं.

मग गेल्या वर्षी भावजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना इस्त्रीच्या खोलीच्या बाजूची खोली दिली. तिला वाळवणीच्या खोलीत उघडणारी एक खिडकी आहे. जाऊबाई काम करता करता लक्ष ठेवू शकतील, म्हणून. आणि ठेवायच्याही. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यांनी नवऱ्याला, हे मी कुठेही सांगेन. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, "त्यांना काय हवंय ते मला कळतं." भावजींनी डावा हात जरा हलवला की ह्या उशी सरळ करणार, पाणी देणार, तोंड पुसणार. कुणी भेटायला आलं आणि भावजी घशातून आवाज काढायला लागले की ह्या सांगणार, "ते म्हणतायत, चहा घेऊन जा." भावजी गप्प व्हायचे. आम्ही म्हणायचो, बघा कसं बरोबर ओळखलं.

पण माणूस विझत चालला होता. हाताचा व्यायाम करेनात, घास तोंडात धरून बसायचे. आणि त्यातच फताडी अंडी घालायला लागली. शेजारच्या बंगल्यातला नर कुंपणाखालून येऊन जायचा, तेव्हा ते आश्चर्य नव्हतं. आश्चर्य हे की तिने जागा निवडली वाळवणीच्या खोलीतली, पाइपाखालची, चिंध्यांची टोपली. जाऊबाई तिला हाकलणारच होत्या, पण भावजींनी खिडकीतून ते बघितलं आणि हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग कुणाची बिशाद फताडीला हात लावायची!

नऊ अंडी झाली आणि ती बसली. दुकानात गिऱ्हाइकांची तुटलेली बटणं साठवलेला डबा आहे. भावजींनी तो खुणेने मागून घेतला. रोज सकाळी डाव्या हाताने एक बटण उचलायचं आणि वाटीत टाकायचं. दिवस मोजत होते. जेवायलाही लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी जाऊबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "एवढी पिल्लं नीट बाहेर येऊ देत गं. ह्यांना काहीतरी बघायला पाहिजे. नाहीतर मला भीती वाटते." जाऊबाईंच्या तोंडी भीती हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरादाराचा जीव त्या टोपलीत अडकून बसला.

फताडी रोज दुपारी एकदाच उठायची. अंगणात जायची, चार दाणे खायची, टाकीत दोन डुबक्या मारायची आणि निथळत परत यायची. कोरड्या खोलीत, कोरड्या चिंध्यांवर, ओलं बदक! जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी दारात अडवली. टॉवेल घेतला, मांडीवर घेतली, आणि पोट, पंखांखालचा भाग, पायांची बोटं, सगळं कोरडं ठक्क केलं. वर गालाला लावून बघितलं. "अंड्यांना सर्दी होईल, बाई," म्हणाल्या. मी तर हसून हसून मेले. फताडी सुरुवातीला चोच मारायची, मग सवय झाली. रोजचा कार्यक्रमच ठरला.

आणि रोज त्याच वेळी भावजी खाटेच्या दांडीवर हात आपटायचे. थाड थाड. घशातून आवाज. मान हलवायचे. जाऊबाई आतूनच ओरडायच्या, "हो हो, तुमचंही करते, जरा दम धरा!" आणि बदक टोपलीत सोडून, नवा टॉवेल घेऊन, भावजींचं तोंड आणि मान पुसून द्यायच्या. ते तोंड फिरवायचे. डोळ्यांत पाणी यायचं. झटक्यानंतर असं उगीचच रडू येतं, असं दवाखान्यात सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही तेही पुसायचो.

एकोणिसाव्या दिवशी मात्र कहर झाला. फताडी बाहेर होती, खिडकी उघडी होती. भावजींनी उशाचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सरळ टोपलीवर फेकला. पाणी अंड्यांवर, ग्लास पाइपावर. केवढा आवाज झाला! जाऊबाई धावल्या, एकेक अंडं उचलून पुसलं, चिंध्या बदलल्या, आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडल्या. "ह्यांचं डोकं फिरत चाललंय गं. ज्याच्यासाठी जगतायत त्याच्यावरच ग्लास मारतायत." मला भावजींचा इतका राग आला त्या दिवशी! मीच म्हणाले, "खाट फिरवा. त्यांना दिसलंच नाही की त्रास होणार नाही." मीच. आमच्या ह्यांनी आणि मी मिळून खाट फिरवली, भावजींचं तोंड भिंतीकडे केलं. ग्लास काढून घेतला आणि लहान मुलांना देतात तसा झाकणाचा पेला दिला. भावजी हात आपटत राहिले. मग थांबले. दोन दिवस बटण टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी एकदम तीन टाकली.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी अंड्यांतून आवाज यायला लागला. बारीक चिवचिव, कवचाच्या आतून. जाऊबाईंनी एक अंडं कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी बघतच राहिले. भावजींच्या कानाशी नेऊन धरलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. "बघ, खूश झाले," जाऊबाई म्हणाल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पहिलं फुटलं. आता फताडीची ही पहिलीच वेळ. स्वतःच्या पोटाखाली काहीतरी वळवळतंय म्हटल्यावर ती दचकून उठली, बघितलं, आणि टोचायला लागली. आम्ही पोचेपर्यंत पिल्लू टोपलीबाहेर पडलेलं. जाऊबाईंनी उचललं, ओंजळीत धरलं, तोंडाने ऊब दिली. दहा मिनिटांत गेलं. "अगं, तुझंच आहे ते, तुझं!" जाऊबाई फताडीवर ओरडत होत्या. फताडी आपली मान वाकडी करून बघतेय.

दुसरं दुपारी आलं. ह्या वेळी जाऊबाई टोपलीशीच बसून होत्या, चोचीसमोर हात धरून. पिल्लू वाळलं, उभं राहिलं, फताडीच्या पंखात शिरलं. फताडीने त्याला हुंगलं, अंगाखाली घेतलं. आमच्या जिवात जीव आला. आणि तासाभराने बाईसाहेब उठल्या, त्या एका पिल्लाला घेऊन अंगणात चालत्या झाल्या. मागे सात अंडी. पाच अंड्यांना टवका गेलेला, आतून हाका चाललेल्या. धरून आणून बसवलं, उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. तिच्या हिशेबी पिल्लू झालं, काम संपलं. तिला कोण समजावणार?

जाऊबाईंनी मग त्यांना ठाऊक होतं ते केलं. फलालीनच्या मऊ कापडाचे तुकडे इस्त्रीने कडक गरम केले आणि अंडी त्यांत गुंडाळली. थंड झाले की दुसरे. पंखा लावला, पाइपाजवळ सरकवली. टवक्याच्या भोकातून चोचीचं टोक दिसायचं, हलायचं, पण भोक काही वाढेना. संध्याकाळ झाली. सकाळ झाली. टवके होते तेवढेच. आवाज मात्र पाचांचे तीन झाले होते.

नऊ वाजता जनावरांचे डॉक्टर आपले पांढरे कोट न्यायला आले. मी कोट दिले नाहीत, त्यांना हाताला धरून आत नेलं. भला माणूस, टोपलीसमोर बसले, एक अंडं उजेडात धरून बघितलं, गप्प झालेल्यातलं एक फोडलं. कवचाच्या आत पातळ पापुद्रा असतो ना, तो पिवळा पडून पिल्लाला चिकटला होता, कागद डकवावा तसा. पिल्लू पूर्ण होतं. पिसंसुद्धा होती.

"हे वाळलंय," डॉक्टर म्हणाले. "पापुद्रा वाळला की आवळून बसतो. पिल्लाला आत फिरता येत नाही, म्हणून कवच कापता येत नाही. खोली फार कोरडी आहे." मग जरा विचार करून म्हणाले, "पण असं इतकं व्हायला नको होतं. मादी पाण्यात जात नाही का? ती ओली येऊन बसते, त्या ओलीवरच तर अंडी निघतात."

जाऊबाई चटकन म्हणाल्या, "जाते की! पण मी थेंब राहू देत नाही हो. रोज पुसून, पोट कोरडं करून मगच बसवलीय तिला. एक दिवस चुकले नाही."

डॉक्टर खाली बघून चष्मा पुसत बसले. जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी बोलावं म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर तो ग्लास आला. टोपलीवर फेकलेलं पाणी. रोज दुपारी खाटेच्या दांडीवर आपटलेला हात. तळ्याकाठी वाढलेला माणूस, शंभर बदकं हाकलेला, घसा फोडून आम्हाला सांगत होता, पुसू नका, पुसू नका. आणि आम्ही त्याचं तोंड पुसत होतो. मी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. देवा रे.

"जाऊबाई, भावजी..." एवढंच मी म्हटलं. त्यांना कळलं होतं. भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या आणि एकदम वीस वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

त्या भावजींच्या खोलीत गेल्या. मी आणि डॉक्टर मागोमाग. कुणाला न बोलावता एकटीने खाट धरून ओढली, फरशीवर करकरत फिरवली, खिडकीकडे आणली. "अहो," म्हणाल्या. भावजी त्यांच्याकडे बघत नव्हते. ते टोपलीकडे बघत होते.

मग जे करता येण्यासारखं होतं ते केलं, पण उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पंखे बंद केले. इस्त्रीचे कपडे भिजवायचा फवारा आहे, त्याने कोमट पाणी मारलं, ओली फडकी टाकली. सव्वीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी पाणी शिंपडत होतं, आणि शिंपडत होत्या जाऊबाई. डॉक्टरांनी एका अंड्याचा पापुद्रा चिमट्याने जरासा सोलून बघितला, तर लाल थेंब आला. चिमटा तिथेच थांबला. "आत रक्त आहे अजून. सोललं तर मरेल. नाही सोललं तर..." त्यांनी चिमटा खाली ठेवला. असं कुठे असतं का? हात लावला तरी मरणार, नाही लावला तरी मरणार. मग माणसाने हात घालायचे तरी कुठे?

डॉक्टर गेले, आणि दुपारपर्यंत एकच आवाज उरला. जाऊबाईंनी ते अंडं ओल्या फडक्यासकट उचललं आणि भावजींच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "काय करू? सांगा ना. तुम्ही म्हणाल ते करते." लग्नाला सव्वीस वर्षं झाली असतील, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भावजींनी अंडं छातीशी घेतलं. बोटाच्या टोकाने पेल्यातलं पाणी घेऊन टवक्यापाशी लावलं, अगदी हळू. चोचीचं टोक हललं. पुन्हा लावलं. तासभर ते तेवढंच करत होते. जाऊबाई पेला धरून उभ्या. मी काउंटर बंद करून दारात बसले होते. मग चोच हलायची थांबली. भावजी तरीही दोनदा पाणी लावत राहिले. नंतर त्यांनी अंडं तसंच छातीवर ठेवलं आणि डोळे मिटले. आम्ही तिघंही रडलो. कुणीच कुणाचे डोळे पुसले नाहीत.

फताडी बाहेर टाकीत पोहत होती. एकुलतं पिल्लू मागे मागे. तिला काय, तिने पहिल्यांदा जसं जमलं तसं केलं. चूक आमची होती, आणि आमच्याकडे तर चांगली माणसाची अक्कल होती.

पाच-सहा दिवसांनी सकाळी दुकान उघडून मी चिठ्ठ्या टाचत होते, तेवढ्यात आतून थाड थाड आवाज आला. भावजी हात आपटत होते. मी आत गेले तर जाऊबाई खाटेपाशी उभ्या, हात पदरात गुंडाळलेले. पूर्वी अशा वेळी त्यांनी उशी सरळ केली असती, तोंड पुसलं असतं, वर मला सांगितलंही असतं की ते काय म्हणतायत. त्या तशाच उभ्या होत्या.

"काय हवंय त्यांना?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही गं कळत."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. "पाणी?" भावजींनी मान हलवली, नाही. "पाय अवघडलाय?" नाही. "खिडकी लावू? फताडीला आणू आत? पिल्लाला आणू?" नाही, नाही. पलीकडे कुणीतरी काउंटरवर घंटी वाजवत होतं. मीही विचारायला लागले. कुणाला बोलवायचंय? दुखतंय? दुकानातलं काही? भावजी न चिडता प्रत्येक प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबायचे, आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग मान हलवायचे. आपल्याला कुणीतरी विचारतंय, एवढ्यावरच जणू ते तग धरून होते. पाऊण तास गेला. आम्हाला प्रश्न सुचेनासे झाले. शेवटी त्यांनीच हात उचलला, जाऊबाईंच्या मनगटावर ठेवला, आणि दोनदा थोपटला. राहू दे.

जाऊबाई खाटेच्या कडेला बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्या दिवशी भावजींना काय हवं होतं ते आम्हाला अजूनही कळलेलं नाही.